सातबारा कुणाच्या नावावर? इंडिपेंडंट रॅपची भानगड, सोप्या भाषेत

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या आतेभावाने एक पीडीएफ पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, दादा वाच ना, साईन करू का. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. हा पोरगा आणि त्याचा मित्र दोघं मिळून मराठी रॅप करतात, हा लिहितो नि म्हणतो, मित्र बीट म्हणजे रॅपमागचं संगीत बनवतो, पिंपरीत मित्राच्या घरातली दहा बाय दहाची खोली, भिंतीला गाद्या उभ्या करून लावल्यात म्हणजे आवाज घुमत नाही आणि शेजारच्या काकूही ओरडत नाहीत. त्यांच्या एका गाण्याचं रील जरा चाललं आणि आठवड्याभरात एका म्युझिक कंपनीचा मेल. मेलमध्ये लिहिलेलं, तुम्ही इंडिपेंडंटच राहाल, आम्ही फक्त तुम्हाला मेनस्ट्रीमला घेऊन जाऊ.

आता हे वाक्य खरं असू शकतं का? असू शकतं. खोटं असू शकतं का? तेही. हा गोंधळ या दोघांचाच आहे असंही नाही, रॅप ऐकणाऱ्या पोरांमध्ये दर चार दिवसांनी हेच भांडण पेटतं की अमका स्वतःला इंडिपेंडंट म्हणवतो पण गाण्याखाली तर मोठ्या कंपनीचं नाव आहे, म्हणजे फेक. फेक कधी असतं आणि कधी नसतं हे समजायला मी त्याला अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या एका जोडीची गोष्ट सांगितली, तीच इथे सांगतो, कारण इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

जुन्या कपड्यांवरचं गाणं एक नंबरला जातं

सिॲटल म्हटलं की लोकांना निर्वाणा हा रॉक बँड आणि गिटार आठवतात, रॅपची मोठी गावं म्हणजे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, अटलांटा. तर अशा आडबाजूच्या गावात बेन हॅगर्टी नावाचा पोरगा, स्टेजवरचं नाव मॅकलमोर, २००० सालापासून रॅप करत होता. २००५ मध्ये एक अल्बम काढला, मग व्यसनात अडकला, २००८ मध्ये रिहॅबमध्ये जाऊन आला. त्याची मायस्पेसवर (फेसबुकच्या आधीची सोशल साइट, आठवतंय का कुणाला?) ओळख झाली रायन लुईसशी, हा पाच वर्षांनी लहान, बीट बनवणार, फोटो काढणार, व्हिडिओही करणार, म्हणजे एकात तीन माणसं. २००९ च्या शेवटी दोघांची पहिली ईपी आली, ईपी म्हणजे अल्बमचा धाकटा भाऊ, मोजक्या गाण्यांचा.

९ ऑक्टोबर २०१२ ला त्यांचा 'द हाइस्ट' अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात ७८ हजार कॉपी खपून बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या अल्बमच्या यादीत थेट दुसऱ्या नंबरला गेला. त्यातलं 'थ्रिफ्ट शॉप' हे गाणं त्याआधीच ऑगस्टमध्ये आलं होतं. थ्रिफ्ट शॉप म्हणजे लोकांनी देऊन टाकलेले वापरलेले कपडे विकणारं दुकान, आपण बोहारणीला साड्या देऊन स्टीलचं पातेलं घेतो ना, त्या साड्या पुढे ज्या बाजारात जातात साधारण तसलं काहीतरी. रॅपमध्ये सगळे महागडे ब्रँड मिरवत असताना हा गडी म्हणतोय मी आजोबांचा जुना कोट घालून फिरतो. फेब्रुवारी २०१३ च्या सुरुवातीला हे गाणं बिलबोर्डच्याच हॉट १०० या गाण्यांच्या यादीत एक नंबरला, सगळे मिळून सहा आठवडे. मग 'कान्ट होल्ड अस' एक नंबरला, पाच आठवडे. २०१४ च्या जानेवारीत चार ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मोठे पुरस्कार.

यात बातमी काय होती? युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या ज्या तीन जगभराच्या मोठ्या कंपन्या आहेत, ज्यांना धंद्यात मेजर म्हणतात, त्यातल्या कुणाशीच या दोघांचा रेकॉर्ड करार नव्हता. असं गाणं एक नंबरला जायची याआधीची वेळ १९९४ मधली, लिसा लोब नावाच्या गायिकेची, आणि तिचं गाणंही एका सिनेमाच्या अल्बममधून आलं होतं. म्हणजे जवळपास १९ वर्षांनी ही गोष्ट घडली.

एकाच गाण्याचे दोन मालक

इथे जरा पाट्या पुसून सुरुवात करू. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा? कुणाच्याच नाही, सगळ्यांचा. पण भीमसेनजींनी गायलेल्या अभंगाची सीडी एखाद्या कंपनीने काढली तर ते रेकॉर्डिंग त्या कंपनीचं. तुम्ही तोच अभंग घरी गाऊन यूट्यूबवर टाका, कुणी काही म्हणणार नाही (चाल दुसऱ्या कुणी बांधलेली असेल तर मात्र ती त्याची, तिथे जपून), पण कंपनीचं रेकॉर्डिंग उचलून टाकलंत तर लगेच क्लेम येईल.

म्हणजे गाणं एक दिसत असलं तरी आत दोन मालमत्ता असतात. एक, लिहिलेलं गाणं म्हणजे शब्द आणि संगीत, याच्या हक्कांना धंद्यात पब्लिशिंग म्हणतात. दोन, त्याचं पक्कं रेकॉर्डिंग, त्याला मास्टर म्हणतात. भारतात शब्द आणि संगीताचा कॉपीराइट करणाऱ्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. आपला आतेभाऊ बावीसचा आहे, म्हणजे आज केलेलं गाणं तो ऐंशी ओलांडेपर्यंत पैसे देऊ शकतं, किंवा दुसऱ्या कुणाला देऊ शकतं.

मास्टर म्हणजे गाण्याचा सातबारा. इंडिपेंडंट आहे की नाही हे ठरवायला मी एवढाच प्रश्न विचारतो, सातबारा कुणाच्या नावावर? बाकी स्टुडिओ कुठला, व्हिडिओ कुणी केला, मॅनेजर आहे का, हे सगळं नंतरचं. आणि हे तुम्हीही बघू शकता, स्पॉटिफायवर अल्बमच्या अगदी तळाशी गोलातला पी असं चिन्ह असतं, त्यापुढे रेकॉर्डिंगच्या हक्कदाराचं नाव येतं. 'द हाइस्ट'च्या खाली नाव आहे मॅकलमोर एलएलसी, म्हणजे त्यांची स्वतःचीच कंपनी. कधी कधी कलाकाराच्या नावापुढे असंही असतं की अमक्या कंपनीला एक्सक्लुझिव्ह लायसन्स, म्हणजे जमीन माझीच आहे पण काही वर्षं कसायला दिलीय. त्यात आणि जमीन विकण्यात किती फरक असतो हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

उचल घेतली की काय होतं

लेबल, म्हणजे गाणी काढणारी म्युझिक कंपनी, पैसे कसं देतं हे समजवायला मराठीत एक शब्द आधीपासून आहे, उचल. ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग ती कोयत्यावर फिटत राहते. लेबलचा ॲडव्हान्स म्हणजे तीच उचल, फक्त कॉफीच्या कपासोबत दिलेली. ती फिटण्याला धंद्यात रिकूप होणं म्हणतात, आपण फिटणंच म्हणू.

गंमत आकड्यात आहे. समजा कंपनीने पाच लाख दिले, त्यात रेकॉर्डिंग, व्हिडिओ, मार्केटिंग सगळं. करारात तुमची रॉयल्टी १५ टक्के. गाणं बरं चाललं आणि एकूण दहा लाख आले. पोराला वाटतं चला, पाच फिटले, पाच उरले. नाही. दहा लाखातले तुमचे १५ टक्के म्हणजे दीड लाख, उचल फिटते ती या दीड लाखातून. म्हणजे पाचातले दीड फिटले, साडेतीन अजून बाकी. कंपनीच्या हातात दहा लाख येऊन बसलेत, तिचे पाच सुटून वर पाच मिळालेत, सातबारा तिच्याच नावावर, आणि तुमच्या खात्यावर अजूनही साडेतीन लाख थकबाकी दिसतेय. मी हे आतेभावाला वहीत मांडून दाखवलं तर तो दोन मिनिटं गप्पच बसला, मग म्हणाला, हे लीगल आहे? हो रे बाबा, लीगल आहे, सही केल्यावर सगळंच लीगल असतं.

ऊसतोडीच्या उचलीपेक्षा एक गोष्ट बरी आहे ती पण सांगितली पाहिजे. गाणं पडलं तर लेबल सहसा तुमच्या घरी वसुलीला येत नाही, बुडाले तर तिचे बुडाले. पण पुढच्या अल्बमवर ती बाकी चढवायची सोय बऱ्याच करारांत असते, म्हणजे दुसरं गाणं हिट झालं तरी आधी पहिल्याचं फेडायचं. ते कलम नेमकं मधल्या पानांवर असतं जिथे आपण पानं सरकवत असतो.

मग सिॲटलच्या पोरांनी वेगळं काय केलं?

उचलच घेतली नाही. स्वतःचे पैसे घातले, शो करून आलेले, टीशर्ट विकून आलेले. आणि मुख्य म्हणजे खर्चच कमी ठेवला, कारण बीट घरात बनतं, व्हिडिओच्या दिग्दर्शनात लुईस स्वतः, त्यामुळे प्रोड्युसरला द्यायचे नाहीत, डायरेक्टर शोधायचा नाही. जोडीचा हा फायदा मला फार मोठा वाटतो. एकटा रॅपर दर गाण्याला कुणाकडे तरी हात पसरतो.

पण माल घरात पिकवून भागत नाही, तो बाजारात जायला पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिकेत सीडी अजून दुकानात विकल्या जात होत्या आणि दुकानात जागा मिळवणं एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. त्यासाठी त्यांनी एडीए नावाच्या वितरण कंपनीशी करार केला. वितरण म्हणजे डिस्ट्रिब्युशन, आणि डिस्ट्रिब्युटर म्हणजे मार्केट यार्डातला अडत्या. तो तुमचा माल गाळ्यावर लावतो, विकतो, आपलं कमिशन घेतो, बाकीची पट्टी तुम्हाला. (आता फळं-भाज्यांची अडत खरेदीदाराने द्यायची असा नियम झालाय हे मला माहितेय, उदाहरण म्हणून घ्या.) अडत्या तुमच्या शेताचा मालक होत नाही.

आता तेच दहा लाख परत मांडा. अडत्याचे समजा २० टक्के गेले, राहिले आठ लाख, तुम्ही स्वतःचे पाच घातलेले, निव्वळ हातात तीन लाख, आणि सातबारा तुमचा, म्हणजे पुढच्या वर्षी येणारं पण तुमचंच.

"पण शेवटी वॉर्नरच आली ना?"

हो. आणि इथेच लोक पकडतात, बरोबरच पकडतात. कारण एडीए ही वॉर्नर म्युझिकचीच वितरण शाखा. शिवाय थ्रिफ्ट शॉप इंटरनेटवर चढायला लागलं तेव्हा त्यांना कळलं की रेडिओ काही हलत नाहीये. अमेरिकेत त्या काळात एक नंबरला जायचं तर टॉप ४० म्हणजे सध्या गाजणारी गाणी वाजवणारी रेडिओ स्टेशनं लागायचीच, देशभर शेकडो, आणि प्रत्येक ठिकाणी कुठलं गाणं लावायचं हे ठरवणारा एक माणूस. त्या माणसाला रोज फोन करणारी, त्याच्या पोरांची नावं माहीत असणारी टीम मोठ्या कंपन्यांकडे वर्षानुवर्षं तयार असते. सिॲटलच्या दोन पोरांचा फोन तिथे कोण उचलणार. तर त्यांनी वॉर्नरची रेडिओवाली टीम पैसे देऊन कामाला लावली.

मग इंडिपेंडंट कसले, असं तेव्हाही खूप जणांनी विचारलं. माझं उत्तर असं की हार्वेस्टर भाड्याने आणला म्हणून शेत हार्वेस्टरवाल्याचं होत नाही. त्यांनी वॉर्नरला काम दिलं आणि कामाचे पैसे दिले, मास्टर दिला नाही. पण दुसऱ्या बाजूने, "कुणाच्या मदतीशिवाय एक नंबर" अशी जी दंतकथा पसरली ती पण खोटीच, आणि नवीन पोरं ती दंतकथा ऐकून खोलीत बसून राहतात की चांगलं गाणं आपोआप पोचतं. आपोआप काही पोचत नाही. आंबा कितीही गोड असला तरी रत्नागिरीहून वाशीला ट्रकच लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट, ही लोक विसरतात. वॉर्नरकडे ते गेले तेव्हा त्यांच्या हातात आधीच चाललेलं गाणं होतं. हातात हिट असताना तुम्ही अटी सांगता, नसताना तुम्हाला सांगितल्या जातात. २०१० मध्ये गेले असते तर कदाचित अकरा पानांची पीडीएफच मिळाली असती.

म्हणजे लेबलवाले चोर का?

नाही, आणि हे मी आतेभावाला मुद्दाम दोनदा सांगितलं कारण तो एकदम उलट्या टोकाला गेला होता. वरचं गणित पडलेल्या गाण्यासाठी करून बघा. पाच लाख घातले आणि आले फक्त पन्नास हजार. लेबलच्या करारात तुमचं नुकसान शून्य. इंडिपेंडंटमध्ये कमिशन जाऊन चाळीस हजार हातात आणि ४ लाख ६० हजारांचा खड्डा, तो कोण भरणार, पप्पांची एफडी. आणि बहुतेक गाणी पडतातच. लेबल दहा जणांवर पैसे लावतं, नऊ बुडतात, दहाव्यातून सगळं काढतं, म्हणून दहाव्याला लुटल्यासारखं वाटतं. धंदा म्हणून त्यात काही पाप नाही. फक्त आपण जोखीम विकतोय आणि बदल्यात जमीन देतोय हे सही करताना माहीत पाहिजे.

मधले प्रकारही असतात. दिल्लीची सीधे मौत ही रॅपर जोडी, काम (Calm) आणि एन्कोर एबीजे, त्यांचा 'बयान' अल्बम २०१८ मध्ये आझादी रेकॉर्ड्सवर आला. आझादी म्हणजे मेजर नाही, दिल्लीतलंच छोटं स्वतंत्र लेबल. इंडिपेंडंट शब्दाचा अर्थ तिथे आणखी थोडा बदलतो, कलाकार लेबलकडे आहे पण लेबल कुणाकडे नाही. याच जोडीने २०२१ मध्ये पुण्याच्या एमसी स्टॅन या रॅपरला घेऊन 'नानचाकू' हे गाणं केलं, ते तर आपल्याकडच्या पोरांना पाठच आहे.

"ते गोरे होते म्हणून चाललं"

हा आक्षेप उडवून लावता येत नाही. रॅप ही काळ्या अमेरिकन पोरांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सत्तरच्या दशकात उभी केलेली कला, आणि एक गोरा पोरगा येऊन सगळी बक्षिसं घेऊन जातो हे कुणालाही खुपणारच. २०१४ च्या ग्रॅमीत सर्वोत्तम रॅप अल्बमसाठी समोर केंड्रिक लमार हा काळा रॅपर होता, तरी बक्षीस 'द हाइस्ट'ला गेलं. यांना रॅपच्या विभागात बसवायचं का यावर आतल्या समितीतच वाद झाल्याच्याही बातम्या आल्या होत्या. मॅकलमोरने रात्री केंड्रिकला मेसेज केला की हे तुला मिळायला हवं होतं, इथपर्यंत ठीक, पण मग त्याचा स्क्रीनशॉट काढून इन्स्टाग्रामवर टाकला. तो कशाला टाकायचा? मनापासून माफी मागणारा माणूस पावती छापत नाही, असं माझं मत.

त्याने स्वतः गोरेपणाच्या फायद्यावर २००५ मध्येच एक गाणं केलं होतं आणि २०१६ मध्ये त्याचा दुसरा भाग, म्हणजे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण यातून आपल्याला घ्यायचं ते असं की मास्टर स्वतःकडे ठेवल्याने रेडिओ उघडत नाही. दार कुणासाठी पटकन उघडतं यात रंग, जात, भाषा, कुठल्या शहरात राहता, सगळं येतं. सातबारा तुमच्या नावावर असणं म्हणजे पाऊस पडेल याची गॅरंटी नव्हे.

"आता तर काय, मोबाइलवरून स्पॉटिफायला टाकलं की झालं"

टाकता येतं, खरंय. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी असे ऑनलाइन अडते आहेत, कुणी वर्षाची फी घेतं, कुणी टक्के घेतं, आणि गाणं सगळ्या ॲपवर जातं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा नंबर मिळतो, गाण्याचं आधार कार्ड समजा, त्यावरूनच कुणाचं किती वाजलं हे मोजतात.

पण यार्डात माल पोचणं आणि विकला जाणं वेगळं. स्पॉटिफाय दर ऐकण्याला ठरलेला दर देत नाही, सगळे पैसे एका पातेल्यात जमतात आणि एकूण ऐकण्यात तुमचा वाटा किती त्याप्रमाणे वाढले जातात. म्हणजे तुमचा फॅन महिनाभर फक्त तुम्हालाच ऐकत असला तरी त्याचे पैसे थेट तुमच्याकडे येत नाहीत, पंगतीत सगळ्यात जास्त पानं ज्याची, जास्त वाढप त्याला. आणि २०२४ पासून नियम असा की मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या रेकॉर्डिंगला त्या पातेल्यातलं काहीच नाही. त्यामुळे बहुतेक जोड्यांचं घर आजही शोवर चालतं, स्ट्रीमवर नाही. कॉलेजचा फेस्ट, क्लब, कधी कुणाच्या मंडळाचा कार्यक्रम, तिथे टीशर्ट विकणं. सिॲटलवाल्यांचंही सुरुवातीचं बळ तेच होतं.

मराठीत मेनस्ट्रीम म्हणजे काय धरायचं?

अमेरिकेत हॉट १०० आहे, आपल्याकडे माझ्या मते लग्नाचा डीजे आणि मिरवणूक. तिथे वाजलं की आईलाही माहीत होतं. २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' असं वाजलं, क्रेटेक्स हा प्रोड्युसर आणि श्रेयस हा आवाज, म्हणजे परत जोडीच, आणि हे गाणं आलं स्पिनिन रेकॉर्ड्सवर. स्पिनिन हे नेदरलँड्सचं डान्स म्युझिकचं लेबल, २०१७ पासून वॉर्नरच्या मालकीचं. बघा, फिरून वॉर्नर. एक जोडी वॉर्नरचा ट्रक भाड्याने घेऊन गेली, दुसरीचं गाणं वॉर्नरच्या लेबलवरून गेलं, दोघंही पोचले. एमसी स्टॅन तर फेब्रुवारी २०२३ मध्ये बिग बॉस जिंकून घराघरात गेला, तो अजून तिसराच रस्ता. त्यामुळे मेनस्ट्रीमला जायला इंडिपेंडंट असलंच पाहिजे असं अजिबात नाही. इंडिपेंडंट असण्याचा उपयोग पोचल्यानंतर, पैसे कुणाच्या खात्यात येतात त्याला.

कायदा आपल्या बाजूने थोडा आहे

मी वकील नाही, सही करण्याआधी वकिलाला दाखवाच, पण काही गोष्टी कॉपीराइट कायद्यात स्पष्ट लिहिल्यात. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीने हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर ते हक्क तुमच्याकडे परत. म्हणून तर करारात सगळं लिहून ठेवतात, आतेभावाच्या पीडीएफमध्ये मुदत होती कॉपीराइट संपेपर्यंत आणि प्रदेश होता अखिल विश्व. विश्व म्हणजे खरंच विश्व, युनिव्हर्स. उद्या मंगळावर कुणी हे गाणं लावलं तर त्याचेही पैसे कंपनीला.

दुसरं, २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत होते आणि त्यासाठी बरंच भांडले. त्यानंतर शब्द आणि संगीत करणाऱ्याला रॉयल्टीतला आपला समान वाटा सही करून सोडून देताच येत नाही, सिनेमा थिएटरमध्ये दाखवतात तेवढा अपवाद. पण हा हक्क आहे म्हणून चेक घरी येत नाही. शब्द-संगीताची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे, तिचं सभासद व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात. माझ्या आतेभावाने हे नावच ऐकलं नव्हतं, त्याच्या ओळखीतल्या चार रॅपर्सनीही नाही.

आणि बीट. यूट्यूबवरून "टाइप बीट", म्हणजे कुणा प्रसिद्ध रॅपरच्या स्टाइलचं तयार बीट, घेऊन त्यावर रॅप करणाऱ्यांनी तर आधी बीटचं लायसन्स वाचा. स्वस्तातलं बीट हे भाड्याची खोली असतं, तेच बीट आणखी वीस जणांनाही दिलेलं असतं, आणि बऱ्याचदा अट असते की इतक्या स्ट्रीमपर्यंतच. गाणं हिट झालं की मालक दारात उभा. बीटवाला घरचाच असला की ही कटकट नाही.

पण घरच्यातही वाटणी लिहा

घरची कटकट मात्र वेगळी. पीडीएफचं उत्तर दोघांनी पाठवलंय, की मास्टर देणार नाही, पाच वर्षांचं लायसन्स देतो, एवढं एवढं कमिशन घ्या. कंपनीकडून आलं की हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलता येत नाही, आणि मग तीन दिवसांनी परत आलं की बघतो. "बघतो" वर गाडी अडकलीय.

तोवर मी दोघांना म्हटलं की तुमच्या दोघांत काय ठरलंय ते दाखवा. काहीच ठरलेलं नव्हतं. दोस्ती आहे ना दादा. म्हटलं दोस्ती आहे तोवरच लिहा. याला स्प्लिट शीट म्हणतात, एका पानाचा कागद, गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे किती टक्के, संगीत किती, मास्टर किती, सह्या. वहीचं पान फाडून बसलो. शब्द पूर्ण ह्याचे, बीट पूर्ण त्याचं, मास्टर निम्मं निम्मं, मग भांडण सुरू झालं की हुकची, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या ओळीची, चाल कुणी सुचवली, ते पाऊण तास चाललं, शेवटी सत्तर-तीसवर आले.

तेवढ्यात मला आठवलं की त्या गाण्यात हुकच्या आधी एका बाईचा आवाज येतो, अरे जेवायला या रे, आणि तिथूनच ड्रम पडतो, रीलमध्ये लोकांना आवडला तो तोच तुकडा. तो आवाज मित्राच्या आईचा, रेकॉर्डिंग चालू असताना चुकून आत आलेला. गाण्यात ज्याचा आवाज असतो त्या परफॉर्मरचेही कायद्यात वेगळे हक्क आहेत, हे मी सांगितल्यावर दोघं उठून स्वयंपाकघरात गेले, मित्राच्या आईला, म्हणजे या काकूंना, सगळं समजावलं, टक्के किती हवेत ते विचारलं. काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, मला टक्के नकोत, शनिवारी पाहुणे येणारेत, भिंतीच्या गाद्या तेवढ्या काढून द्या.